सीतेची वेणी : मातीविना वाढणाऱ्या आमरीची निगा

वादळाने किंवा रस्तारुंदीच्या कामात एखादे जुने झाड आडवे झाले की त्याच्या फांद्या सरपणात जातात. कोकणात व सह्याद्रीच्या घाटभागात अशा फांद्यांबरोबर पुष्कळदा एक आमरीही चुलीत जाते. तिचे नाव सीतेची वेणी. पावसाळ्याच्या तोंडावर पांढऱ्या, जांभळट ठिपक्यांच्या फुलांचा दाट घोस वेणीसारखा खाली लोंबतो, त्यावरून हे नाव पडले असावे. आसामने या फुलाला राज्यपुष्पाचा मान दिला असून तेथील स्त्रिया ते बिहूच्या सणात केसांत माळतात. आपल्याकडे मात्र तिची गणना सर्रास बांडगुळात होते आणि झाडाचे भले करण्याच्या हेतूनेच ती ओरबाडून काढली जाते.

हा समज चुकीचा आहे. बांडगूळ आपली शोषक मुळे फांदीच्या आत घुसवून रस ओढते. आमरी सालीला केवळ धरून असते. पाऊस, दव आणि सालीच्या खाचांत साचलेला पालापाचोळा यांवर तिचा निर्वाह होतो. आडव्या झालेल्या झाडावरील अशी आमरी दुसऱ्या झाडावर बसविणे शाळेला अथवा ग्रामपंचायतीला सहज शक्य आहे. झाड राखीव वनातील असल्यास वनखात्याची परवानगी प्रथम घ्यावी. उभ्या झाडावरील आमरी तर कोठेही काढू नये.

झेंडू-गुलाबाची सवय झालेल्या हातांना येथे बरेच काही विसरावे लागते. कुंडीत माती भरून रोज पाणी घातल्यास ही वनस्पती थोड्याच दिवसांत कुजते, कारण तिच्या मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मुळांवर स्पंजासारखे रुपेरी आवरण असते. कोरडे असता ते पांढरे दिसते, भिजताच हिरवे होते. पाणी केव्हा द्यावे हे मुळाचा रंगच सांगतो : मूळ पांढरे झाले की शिंपडावे, हिरवे असेतो थांबावे. तपकिरी होऊन बोटाखाली दबणारे मूळ मात्र कुजलेले समजून कापून टाकावे.

रोपवाटिकेत मिळणाऱ्या डेंड्रोबियमचा अनुभव असलेल्यांनीही सावध राहावे. डेंड्रोबियमच्या फुगीर खोडात पाण्याचा साठा असतो; सीतेच्या वेणीला तसे खोड नाही, जाड पाने व मुळे एवढाच तिचा साठा. शिवाय तिचा शेंडा बहुधा एकच असतो. तो मोडला किंवा त्यात पाणी साचून कुजला तर वाढ खुंटते. म्हणून ती बांधताना किंचित कललेली ठेवावी.

जूनचा आरंभ हा बांधणीचा उत्तम काळ. आंब्यासारखे खरखरीत सालीचे झाड निवडावे, सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशी बाजू पाहावी व काथ्याच्या दोरीने रोप घट्ट बांधावे. मुळे झाकू नयेत. शक्य असल्यास जुन्या फांदीच्या सालीचा तुकडा तसाच राहू द्यावा, म्हणजे मुळे तुटत नाहीत. पावसाळ्यात नवी मुळे सालीला चिकटतात आणि पुढे दोरी आपोआप कुजून गळते. पहिल्या उन्हाळ्यात मात्र सकाळी पाणी शिंपडणे टाळू नये. पाने सुरकुतू लागली म्हणजे पाणी अपुरे पडत आहे. खत द्यायचेच झाल्यास वाढीच्या काळात, अत्यंत पातळ करून द्यावे.

एवढा खटाटोप एका रोपासाठी कशाला, असे कोणी विचारील. आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते, त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतो. निसर्गात ते विशिष्ट बुरशीच्या साहाय्यानेच रुजते. १९२२ साली लुईस नडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने साखरयुक्त माध्यमावर, बुरशीविना, असे बी रुजवून दाखविले, परंतु ते प्रयोगशाळेतले काम आहे. एका बोंडात असंख्य बिया असूनही फांदीवर एखादेच रोप टिकते आणि त्याला फुलावर येण्यास कित्येक वर्षे लागतात. जागा बदललेल्या रोपाला पुढच्या हंगामात घोस आला नाही म्हणून ते काढून टाकू नये; हिरव्या टोकाची नवी मुळे सालीवर सरकत असतील तर रोप रुजले आहे.