घरचे वस्त्र व परक्याचे चिन्ह

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२, याकोब २:१-४

यापो येथील टबीथा मरण पावली, तेव्हा विधवांनी रडत रडत पेत्राला दाखविले ते काय? तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे. अशा सुईच्या सेविका आपल्या मंडळ्यांत आजही आहेत. त्यांच्यापैकी एखादीचा नातू हट्ट धरतो, ''आजी, सदऱ्यावर त्या बुटांच्या कंपनीची खूण भरून दे.'' आजी ती भरून देते. मग रात्री प्रार्थनेच्या वेळी मनात येते, ही चोरी तर झाली नाही?

कायद्यापुरते उत्तर सोपे आहे. आपल्या देशात १९९९ चा व्यापारचिन्ह अधिनियम २००३ पासून अंमलात आहे. त्याच्या कलम २९ प्रमाणे नोंदलेल्या चिन्हाचा भंग होतो तो व्यापाराच्या ओघात ते वापरल्याने. माल कोणाचा हे ग्राहकाला कळावे म्हणून चिन्ह असते, आणि नातवाच्या सदऱ्याला ग्राहकच नाही. चिन्हाच्या चित्रावर कॉपीराइट असू शकतो. परंतु १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाचे कलम ५२ खाजगी उपयोगासाठी वाजवी वापरास मोकळीक देते.

एक अपवाद मात्र आपल्या लोकांना ठाऊक नसतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवरील समान भुजांचा लाल क्रूस केंद्र सरकारच्या संमतीवाचून कोणत्याही कारणासाठी वापरता येत नाही, असे १९६० च्या जिनीव्हा करार अधिनियमाचे कलम १२ सांगते. युद्धात जखमींचे व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांचे रक्षण त्या खुणेवर अवलंबून असते. तेव्हा शब्बाथशाळेच्या नाटुकल्यातील परिचारिकेच्या टोपीवर ती नको.

परंतु कायद्याने मोकळे सोडले म्हणजे सद्सद्विवेकबुद्धीही मोकळी झाली असे नाही (१ करिंथ १०:२३ पाहा). नातवाला ती खूण का हवी? आवडत्या संघाचे चिन्ह मुलगा प्रेमाने मिरवतो, त्यात कपट नाही. पण वर्गातील श्रीमंत मुलांत आपला सदरा महागडा वाटावा, एवढ्यासाठीच ती हवी असेल, तर सभास्थानात सोन्याची अंगठी पाहून मान देणाऱ्यांविषयी याकोबाने लिहिले तो आजार घरात शिरला आहे. तो बहुधा मुलापासून सुरू होत नाही. वडील माणसे पाहुण्याच्या घड्याळाकडे कशी पाहतात, हे तो रोज पाहत असतो. आजीने त्याला रागे भरण्यापूर्वी घरातल्यांनी याकोबाचे ते वचन एकत्र वाचावे.

महिला मंडळांनी विशेष जपावे. उपकारस्मरणाच्या सणाला विक्री मांडली जाते आणि कोणी म्हणते, ''खूण असली की लवकर खपते!'' ती का खपते, याच उत्तरात दोष आहे. पैसा अनाथाश्रमास जाणार असला तरी विक्री ती विक्रीच. खोटे व्यापारचिन्ह लावलेला माल विकणे हा कलम १०४ प्रमाणे गुन्हा असून त्यास तुरुंगवासाची तरतूद आहे. खोट्या मापांविषयी नीतिसूत्रे २०:१० काय म्हणते, हे आपण मुलांना पाठ करावयास लावतोच.

नातवाला तो सदरा आखूड झाला, तर धाकट्या चुलतभावाला खुशाल द्यावा. विक्रीच्या मेजावर ठेवावयाचा असेल, तर ते टाके आधी उसवावेत.