झाडाचा घेर

चितेगाव हे छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाणाऱ्या रस्त्यावरील गाव. तेथील एका शाळेतील मुलांना गुरुजींनी एके दिवशी सुतळी, मोजपट्टी व दोन सरळ काठ्या घेऊन झाडांखाली नेले.

"या कडुलिंबाच्या बुंध्याची जाडी किती ते सांगा. मात्र झाडाला यत्किंचितही इजा होता कामा नये," गुरुजी म्हणाले.

मुले विचारात पडली. ओंडका असता, तर त्यावर पट्टी ठेवून व्यास मोजता आला असता. उभ्या झाडाच्या पोटात पट्टी कशी घालावी?

मुळांपाशी बुंधा फुगलेला असतो. म्हणून गुरुजींनी छातीच्या उंचीवर सुतळी गुंडाळावयास सांगितली. घेर भरला २२० सेंटीमीटर. वर्तुळ लहान असो वा मोठे, त्याचा परीघ व्यासाच्या तिपटीहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे २२/७ पट असतो. मुलांनी २२० ला २२ ने भागून ७ ने गुणले. व्यास आला ७० सेंटीमीटर. मग बुंध्याच्या दोन्ही अंगांना काठ्या उभ्या धरून त्यांमधील अंतर मोजले, तेव्हा ते ७१ भरले. मुलांना केवढा आनंद झाला!

भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'लीलावती'त व्यवहारासाठी हेच २२/७ दिले आहे. सूक्ष्म गणितासाठी त्यांनी ३९२७/१२५० सांगितले, म्हणजे ३.१४१६. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

चिंचेपाशी मात्र पंचाईत झाली. घेर १८० आणि काठ्यांमधील अंतर ५४, भागाकार ३.३३ आला! एक मुलगा घाईघाईने ५४ खोडू लागला.

"थांब," गुरुजी म्हणाले. "तू नीट मोजले आहेस ना? मग खोडतोस कशाला? झाडालाच विचारू."

एका मुलीने काठ्या बुंध्याच्या दुसऱ्या दोन बाजूंना नेल्या. आता अंतर ६० भरले. बुंधा पुरता गोल नव्हताच. एका अंगाने तो चपटा होता! दोन्ही मापांची सरासरी ५७, आणि भागाकार ३.१६. त्या मुलाने ५४ पुन्हा ठळक केले व शेजारी ६० लिहिले.

शेवटी सारे वडापाशी आले. पारंब्या बुंध्याला चिकटून जागोजाग खोल खाचा पडल्या होत्या. सुतळी आत शिरेना. वरून ताणली, तर बरीच जागा रिकामीच राही.

"गुरुजी, याचा व्यास कोणता म्हणावा?"

गुरुजींनी वडाभोवती एक फेरी मारली. "घेर लिहून ठेवा," ते म्हणाले, "आणि व्यासाची जागा तूर्त कोरी असू द्या."