स्तब्ध, दीर्घसूत्री आणि माझी चाल



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २६ ते २८

गेल्या आषाढात मी जनाबाईंच्या एका अभंगाला चाल लावली. फोनवर रेकॉर्डही केली. पण ती कुणालाच ऐकवली नाही. भजनाला कुणी विचारलं की मी म्हणायचो, "अजून कच्ची आहे हो," नाहीतर "आपण कसले संगीतकार!" ऐकणाऱ्याला हा नम्रपणा वाटायचा. आणि खरं सांगू का, मलाही वाटायचा.

त्याआधी एकदा मी अभंगाचा व्हिडिओ टाकला होता, तेव्हा सगळं उलट होतं. दर दहा मिनिटांनी व्ह्यूज बघायचे. हरिपाठ म्हणतानासुद्धा एक डोळा फोनवर. खूप जणांनी छान म्हटलं, पण त्यातलं एकही वाक्य आज आठवत नाही. आमच्या भजनातल्या एका काकांनी लिहिलं होतं, "अंतऱ्यात सूर चढतोय रे." ते मात्र आठवडाभर डोक्यात घुमत होतं. तेव्हाच ठरवलं, बास, आता फक्त देवासाठी गायचं, दाखवायचं नाही. चला, अहंकार सुटला!

हे तीन श्लोक नीट वाचले आणि तो समज गेला.

इथे भगवंत कर्त्याचे तीन प्रकार सांगतात. राजस कर्ता फळाची इच्छा धरणारा, लोभी, हर्ष-शोकात सापडलेला. म्हणजे व्ह्यूज मोजणारा मी. हे कळायला गीता कशाला हवी? पण पुढे तामस कर्त्याची यादी येते. मला वाटलं तिथे आळशी, दुष्ट वगैरे माणसं असतील, आपला काय संबंध! तर त्या यादीत 'विषादी' आहे, 'दीर्घसूत्री' आहे, म्हणजे आजचं काम उद्यावर ढकलत राहणारा. आणि 'स्तब्ध' आहे.

मराठीत स्तब्ध म्हणजे शांत, निश्चल. इथे अर्थ वेगळा आहे. शंकराचार्यांनी भाष्यात काठीची उपमा दिलीय : ताठ, कुणापुढेही न वाकणारा. (गंमत बघा, तीच काठी आडवी झाली की आपण त्याला दंडवत म्हणतो.) मी चाल लपवत होतो ती नम्र होतो म्हणून नव्हे. दुसऱ्याच्या कानापुढे मला वाकायचं नव्हतं, एवढंच. कुणी ऐकलंच नाही तर चूक कोण काढणार?

आता सात्त्विक कर्ता. तो 'अनहंवादी' आहे, 'मी केलं, मी केलं' म्हणत नाही. हा शब्द सगळ्यांना पाठ असतो. पण त्याच श्लोकात, लगेच पुढे, धृती आणि उत्साह आहेत. म्हणजे 'मी'चा गवगवा नको, पण नेटाने आणि हौसेने काम करणारा माणूस तिथे हवाच.

आणखी एक कबुली. लोकांनी वाहवा करावी ही इच्छा नसती, तर मी पेटीवर तासन् तास बसलोच नसतो. त्या राजस 'मी'ने मला उठवलं, रियाजाला बसवलं. तमातून थेट सत्त्वात उडी मारता येते का, कुणास ठाऊक. मला तरी मधल्या पायऱ्या चढाव्या लागताहेत.

आपल्या संतांकडे बघा. नाव पुसून टाकणं हीच भक्ती असती तर त्यांनी अभंगात मुद्रा घातलीच नसती. तुकोबा स्वतःचं नाव घालतात. नाथ आपल्या नावाला गुरूंचं नाव जोडतात, 'एका जनार्दनी'. माउलींच्या कितीतरी अभंगांत 'बाप रखुमादेवीवरू' येतं, म्हणजे स्वतःच्या नावाच्या जागी विठ्ठलच. जनाबाई स्वतःला 'नामयाची दासी' म्हणवतात. आधी सगळं सांगून होतं, मग शेवटी नाव येतं, आणि बहुतेकदा कुणाच्या तरी पायाशी.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. बहुतेक वेळा वह्या कोरड्या वर आल्या त्या चमत्काराकडेच लक्ष जातं. मला या वेळी आधीचे तेरा दिवस दिसले. 'बरं झालं, माझा अहंकार बुडाला' असं म्हणून तुकोबा घरी गेले नाहीत. परंपरा सांगते, ते अन्नपाणी सोडून नदीकाठी बसून राहिले, विठ्ठलाशी भांडले. ते शब्द लोकांपर्यंत पोचायला हवेत याची त्यांना केवढी तळमळ होती! या तळमळीला मी अहंकार म्हणू शकत नाही. आणि माझ्या फोनमध्ये पडून राहिलेल्या चालीला वैराग्यही म्हणू शकत नाही.

काल रात्री ती चाल पाठवली. मुद्दाम त्याच काकांना. पाठवल्यावर फोन पालथा ठेवला आणि पाच मिनिटांत परत सरळ केला, हेही सांगून टाकतो.

सकाळी त्यांचा निरोप आला : "दुसऱ्या चरणात श्वास तुटतोय. रविवारी पेटी घेऊन ये, बसू."

वाचून आधी चेहरा पडला. मग पेटीचा भाता तपासला, एक पट्टी अडकत होती, ती साफ केली. रविवारी जातोय.

उद्या १८.२९, तिथून बुद्धी आणि धृतीचे तीन प्रकार सुरू होतात.

राम कृष्ण हरी.