खेळाडू गेला, हिशोब मागे राहिला



सहावीला अपूर्णांक आणि शेकडेवारी शिकवताना मी दरवर्षी आयपीएलचं उदाहरण घेते. कोणत्या संघाच्या पर्समध्ये किती कोटी उरले, हे मुलांना पाढ्यांपेक्षा चांगलं पाठ असतं! यंदा मात्र मुद्दाम अमेरिकेतलं उदाहरण घेतलं. आयपीएलमध्ये संघाने खेळाडूला सोडलं की त्याची रक्कम पर्समध्ये परत येते. अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडू जातो, पण त्याची रक्कम संघाच्या हिशोबात मागे राहते. हे 'का' समजावताना आमच्या दोन तासिका गेल्या, पण बेरीज-वजाबाकीचा इतका चांगला सराव बरेच दिवसांत झाला नव्हता.

आधी थोडी ओळख. हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा खेळ. त्याच्या एनएफएल या लीगमध्ये 32 संघ आहेत. श्रीमंत संघाने सगळे चांगले खेळाडू पळवू नयेत म्हणून खेळाडूंवरच्या खर्चाला सर्वांना सारखी मर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. 2022 साली ती 20 कोटी 82 लाख डॉलर होती.

त्याच वर्षी मार्चमध्ये अटलांटा फाल्कन्सने मॅट रायन या क्वार्टरबॅकला इंडियानापोलिस कोल्ट्स संघाला देऊन टाकलं. क्वार्टरबॅक म्हणजे संघाची चाल ठरवणारा आणि चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू. रायन 2008 पासून 14 हंगाम अटलांटात होता. 2016 च्या हंगामात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच हंगामाच्या शेवटी सुपर बोलमध्ये 28-3 अशी आघाडी असूनही अटलांटा हरलं, तरी लोकांचा जीव त्याच्यावर होता. त्याच्या बदल्यात मिळाला तिसऱ्या फेरीतला एक नवखा खेळाडू निवडण्याचा हक्क. आणि हिशोबात बसले 4 कोटी 5 लाख डॉलर, म्हणजे मर्यादेचा जवळजवळ पाचवा हिस्सा. तेही समोरच्या संघाकडून खेळणाऱ्या माणसासाठी!

हे कसं झालं, ते मी फळ्यावर लहान आकड्यांत मांडलं. समजा, एका खेळाडूशी पाच वर्षांचा करार आहे. सही करतानाच त्याला 25 रुपये बोनस दिला, शिवाय दर वर्षी 10 रुपये पगार. बोनसचे पैसे पहिल्याच दिवशी खेळाडूच्या खिशात गेले. पण नियमानुसार ते कॅपच्या वहीत पाच वर्षांत वाटून लिहायचे, म्हणजे वर्षाला 5. दर वर्षीचा हिशोब 15.

आता दुसऱ्या वर्षी संघाला पैशांची चणचण आहे. मग त्या वर्षीच्या 10 पैकी 8 रुपये पगाराला 'बोनस' असं नाव द्यायचं. खेळाडूला ते लगेच मिळतात, त्याची तक्रार नसते. वहीत मात्र ते उरलेल्या चार वर्षांत 2-2 करून पसरतात. दुसऱ्या वर्षाचा हिशोब 2 + 5 + 2 = 9. सहा रुपये वाचले! मुलं खूश झाली. मी विचारलं, वाचले की पुढे ढकलले?

दुसऱ्या वर्षानंतर खेळाडू दुसऱ्या संघात गेला तर न लिहिलेले सगळे हप्ते एकदम वहीत येतात. जुन्या बोनसचे 15 आणि ढकललेले 6, एकूण 21. तो राहिला असता तर तिसऱ्या वर्षी 10 + 5 + 2 = 17 च लागले असते. नवा संघ फक्त पुढचा पगार देतो. जुने हप्ते जुन्याच वहीत राहतात.

इथे एक मुलगा म्हणाला, "बाई, हे मोबाइलच्या ईएमआयसारखं आहे. फोन फुटला तरी हप्ते चालू." उदाहरण छान आहे आणि पालकांना पटकन पटतं. पण एक फरक सांगायलाच हवा, नाहीतर मुलं चुकीचं शिकतात. ईएमआयमध्ये पैसे खरोखर नंतर जातात. इथे पैसे आधीच गेलेत, फक्त लिहायचे राहिलेत.

अटलांटाने रायनच्या करारात ही युक्ती एकाहून अधिक वेळा वापरली होती. त्यामुळे तो राहिला असता तर 2022 चा त्याचा हिशोब सुमारे 4 कोटी 87 लाख होता. त्यातला नवा पगार फक्त 2 कोटी 38 लाख, बाकी 2 कोटी 49 लाख जुने हप्ते. 2023 साठी लिहायचे आणखी 1 कोटी 56 लाख बाकी होते. तो गेला, तेव्हा 2.49 + 1.56 = 4.05 कोटी एकदम वहीत आले. दशांश अपूर्णांकांची ही बेरीज मुलांकडूनच करून घ्या.

मग वर्गात वाद पेटला. एक मुलगी तावातावाने म्हणाली, "गेला तरी चार कोटी, राहिला तरी पावणेपाच. मग खेळवायचा ना त्यालाच!" निम्मा वर्ग तिच्या बाजूने. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण ते 4 कोटी 5 लाख दोन्ही रस्त्यांवर लिहावे लागणारच होते, यंदा किंवा पुढच्या वर्षी. ते दोन्हीकडून खोडा. मग उरलेला प्रश्न असा : 37 वर्षांचा होत आलेल्या खेळाडूला यंदाचे 2 कोटी 38 लाख आणि पुढच्या वर्षीचा पगार द्यायचा, की एक कठीण वर्ष सोसून 2023 ची पाटी कोरी करायची? अटलांटाने दुसरा रस्ता घेतला. 2021 प्रमाणे 2022 मध्येही त्यांनी 7 सामने जिंकले आणि 10 हरले. तिकडे कोल्ट्सने रायनला हंगामातच बाकावर बसवलं आणि 2023 च्या मार्चमध्ये सोडून दिलं. ती मुलगी अजून मानायला तयार नाही. म्हणते, चाहत्यांचं वाईट वाटणं तुम्ही वहीत कुठे लिहिलंत?

पुढच्या तासाला हे गणित द्या. 1 जूननंतर खेळाडू दिला तर पुढच्या वर्षांचे हप्ते यंदा न येता पुढच्या वर्षी लिहिता येतात. अटलांटाचाच लाडका खेळाडू हुलिओ जोन्स जून 2021 मध्ये टेनेसी टायटन्सकडे गेला. त्यामुळे त्याचे 77 लाख 50 हजार 2021 मध्ये आणि 1 कोटी 55 लाख 2022 मध्ये आले. रायनचे आणि त्याचे मिळून 2022 च्या मर्यादेचे शेकडा किती? माझ्या वर्गात पहिलं उत्तर 'पाव' आलं, मग एकाने पाटीवर भागाकार करून 'पावापेक्षा जास्त' म्हणून दुरुस्त केलं.