अल्पाका, उंट आणि मेंढरूं : एका सहलीचा अभ्यास



'अल्पाका' हा शब्द मराठींत प्रथम आला तो जनावर म्हणून नव्हे, तर कोट म्हणून. आपल्या पणजोबांच्या काळचे वकील, कारकून आणि शाळामास्तर काळा, हलका व किंचित् चकाकणारा असा जो कोट घालीत, त्यास अल्पाकाचा कोट म्हणत. हा अल्पाका म्हणजे कोण, तो कोठें राहतो, काय खातो आणि त्याच्यामागून कोण हिंडतें, असा प्रश्न तो कोट घालणाऱ्यांपैकीं फार थोड्यांच्या मनांत आला असेल. वस्त्र आपण अंगावर बाळगतों. परंतु ज्याच्या अंगावरून तें उतरलें, त्याची ओळख करून घेत नाहीं.

आतां काळ पालटला आहे. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा देशांत पुष्कळ कुटुंबें सुटीच्या दिवशीं मुलाबाळांसह शेतावर जातात, ठरलेले पैसे भरतात, आणि माहितगार माणसाच्या सोबतीनें अल्पाकाची दोरी हातीं धरून तास-दीड तास माळावर फिरून येतात. ह्या सहलीची माहिती मौजेची आहेच. पण तिच्यापासून आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील मुलांनीं काय घ्यावें, हें पाहणें अधिक उपयोगाचें आहे. तोच ह्या लेखाचा हेतु होय.

१. अल्पाका कोण?

अल्पाका हा उंटाच्या कुळांतील, पण पाठीवर मदार नसलेला प्राणी आहे. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या पठारांवर, समुद्रसपाटीपासून साधारणतः साडेतीन ते पांच हजार मीटर उंचीवर त्याचे कळप चरतात. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे, एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या प्राण्याचें घर किती उंचावर आहे, हें सहज कळेल. जगांतील बहुसंख्य अल्पाका पेरू देशांत आहेत. तेथील लोकांनीं सुमारें सहा-सात हजार वर्षांपूर्वीं व्हिकुन्या नांवाच्या रानटी प्राण्यापासून तो माणसाळविला, असें संशोधक मानतात. खांद्यापाशीं त्याची उंची सुमारें दोन हात, आणि वजन पन्नास ते ऐंशी किलो भरतें.

उंटाचें कूळ मूळचें उत्तर अमेरिकेंतलें. त्याची एक शाखा पूर्वीं उघड्या असलेल्या भूमिमार्गानें आशियांत आली. राजस्थान व कच्छ येथील उंट हा तिचा वंशज. दुसरी शाखा सुमारें तीस लक्ष वर्षांपूर्वीं दक्षिण अमेरिकेंत उतरली. लामा आणि अल्पाका हे तिचे वंशज. म्हणून अल्पाकाच्या पायास मेंढीसारखा कठीण खूर नसतो. दोन बोटें, त्यांना नखें, आणि खालीं उंटासारखी मऊ गादी असते. त्यामुळें तो चालला तरी कुरणाची माती फारशी उकरली जात नाहीं. मेंढीच्या पोटाचे चार कप्पे असतात, अल्पाकाचे तीन. वरच्या जबड्यांत पुढचे दांत नसणें, ही गोष्ट मात्र दोघांसही सारखीच आहे.

ह्या गरीब जनावराचा इतिहासही लक्षांत ठेवण्यासारखा आहे. १५३२ सालीं स्पॅनिश लोकांनीं पेरूंत पाऊल टाकलें, आणि पुढील शतकांत तेथील अल्पाका व लामा फार मोठ्या संख्येनें नष्ट झाले. जे उरले ते दुर्गम पठारांवर, तेथील डोंगरी लोकांच्या आश्रयानें उरले. १८३६ सालीं इंग्लंडांतील ब्रॅडफर्डचा गिरणीवाला टायटस सॉल्ट ह्यास लिव्हरपूल बंदरांत ही लोंकर पडून असलेली दिसली. तिला कोणी विचारीत नव्हतें. सुताचा ताणा आणि अल्पाकाचा बाणा घेऊन त्यानें कापड विणलें, आणि थोड्याच वर्षांत तें जगभर खपूं लागलें. लोंकर तीच होती. फरक पडला तो तिचा उपयोग शोधून काढणारा भेटल्यामुळें. हें वाक्य जरा मनांत ठेवा. पुढें त्याचें काम पडेल.

२. दोरी धरून चालण्याचे नियम

ह्या सहलींत प्रथम अर्धा घटका माहिती सांगण्यांत जाते. अल्पाका एकटा चालावयास राजी नसतो, म्हणून निदान दोघे-तिघे बरोबर नेतात. त्याच्या डोक्यावर हात फिरवूं नये. तें त्यास आवडत नाहीं. हात लावावयाचाच तर मानेस किंवा खांद्यास लावावा. त्याच्या ऐन पाठीमागें उभें राहूं नये. दोरी मनगटास गुंडाळूं नये, नुसती मुठींत धरावी. लहान मुलाबरोबर मोठ्या माणसानेंही दोरी धरावी. पाठीवर बसण्याचा तर प्रश्नच नाहीं. हें वाहनाचें जनावर नव्हे. चालतांना तो नाकांतल्या नाकांत हुंकार देतो. त्या हुंकारावरून तो स्वस्थ आहे कीं घाबरला आहे, हें जाणता माणूस सांगूं शकतो. फारच चिडला तर तो थुंकतो, आणि ती थुंकी पोटांतून येत असल्यामुळें तिचा वास सहज जात नाहीं!

ह्या साऱ्या नियमांचें तात्पर्य असें कीं, दोरी माणसाच्या हातीं असली तरी चाल जनावराची असते. तें थांबलें कीं थांबावें लागतें, तें गवताकडे वळलें कीं वाट पाहावी लागते. मोटारींतून धांवत दहा ठिकाणें पाहणाऱ्या कुटुंबास एक तास दुसऱ्या जिवाच्या गतीनें चालावें लागतें. ह्या सहलीची खरी शिकवण हीच आहे.

३. आपल्या जिल्ह्यांत काय आहे?

बुलढाणा जिल्ह्यांत अल्पाका आणावा असें कोणी म्हणेल, तर त्यास नाहीं म्हणावें लागेल. घाटाखालीं मलकापूर, नांदुरा, शेगांव ह्या बाजूस मे महिन्यांत पारा चाळिसावर चढतो. थंड पठारावरील त्या दाट लोंकरीच्या जनावरास तो जाच होईल. परंतु अल्पाका नसला तरी त्याचा धडा आपल्या दारांत आहे.

खरीप निघाला, कपाशीचीं शेतें मोकळीं होऊं लागलीं, कीं घाटावर चिखली-मेहकरकडे आणि घाटाखालीं पूर्णेच्या काळ्या रानांत धनगरांचे कळप दिसूं लागतात. हीं मेंढरें बहुधा दख्खनी जातीचीं. रंगानें काळीं किंवा काळींपांढरीं, अंगानें काटक, रोज कित्येक कोस चालणारीं. कच्छकडील रबारी लोकही विदर्भांत मेंढ्यांचे कळप घेऊन हिंडतात. त्यांचें बिऱ्हाड, म्हणजे खाटा, भांडीं, आणि चालतां न येणारीं कोंकरें, उंटांच्या पाठीवर असतें. तो उंट दिसला कीं ओळखा: हा अल्पाकाचा दूरचा भाऊ आहे!

आपण प्रार्थनेच्या वेळीं मेंढपाळाची उपमा कितीदां तरी ऐकतों; दावीद राजा मूळचा मेंढपाळ होता, हेंही आपणांस पाठ असतें. पण मेंढपाळाबरोबर एक दिवस चाललेला विद्यार्थी शंभरांत एखादाच निघेल.

४. कळपाबरोबर एक दिवस

पालकांनीं ओळखीच्या मेंढपाळास अगोदर विचारून, पौष-माघांतील एखादा रविवार किंवा सुटीचा दिवस ठरवावा. सर्व घरानें बरोबर जावें. पाणी, भाकरी, टोपी आणि पायांत चांगल्या वहाणा असाव्या. घरचें कुत्रें नेऊं नये.

सकाळीं फार लवकर जाण्याचें कारण नाहीं. दंव उतरल्यावाचून जाणता मेंढपाळ कळप सोडीत नाहीं. ओल्या गवतानें मेंढरांच्या पोटास अपाय होतो. मेंढवाड्यांतून कळप निघतांना पाहावें: शेंकडो आया आणि शेंकडो कोंकरें एकदम ओरडत असतात, तरीही प्रत्येक आई आपलें पिलूं आवाजावरून व वासावरून नेमकें शोधते. मेंढरूं मंदबुद्धि असतें, ही समजूत चुकीची आहे. इंग्लंडांतील संशोधकांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मेंढ्यांनीं पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून अधिक काळ ध्यानांत ठेविलेले आढळले.

नंतर चालावयास लागावें. पण कळपाच्या मधून जाऊं नये, कडेनें चालावें. मेंढपाळ कोणत्या शेताच्या बांधावरून कळप वळवितो, आणि कां, हें विचारावें. कोवळ्या ज्वारीच्या फुटव्यांत विष असतें, म्हणून तिकडे तो मेंढरें जाऊं देत नाहीं. बाभळीच्या शेंगा आणि बोरीचा पाला मात्र तो लांब आकडीनें ओढून त्यांच्यापुढें टाकतो. हें वनस्पतिशास्त्र त्यानें पुस्तकांतून घेतलेलें नाहीं. पण त्यांत चूक झाली तर त्याची मेंढी मरते, म्हणून तें पक्कें असतें. मुलांनीं मेंढरांस ज्वारीचे दाणे किंवा भाकरी चारूं नये. धान्य अधिक खाल्लें तर मेंढरूं दगावण्याचा संभव असतो.

दुपारीं ऊन चढलें म्हणजे एक सुंदर गोष्ट दिसते. उघड्या माळावर झाड नसेल तर मेंढरें एकमेकांस चिकटून उभीं राहतात आणि प्रत्येक मेंढरूं दुसऱ्याच्या पोटाच्या सावलींत आपलें डोकें घालतें. ज्यास स्वतःची सावली नाहीं, तें दुसऱ्याची घेतें आणि आपली दुसऱ्यास देतें. ह्यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाहीं.

सायंकाळीं कळप एखाद्या शेतांत बसवितात. रात्रभर पडलेल्या लेंड्या व मूत्र ह्यांनीं जमीन कसदार होते. त्याबद्दल शेतकरी मेंढपाळास धान्य किंवा पैसे देतो. घरीं परतण्यापूर्वीं साबणानें हात धुवावे, आणि मेंढपाळास दिवसाचा मोबदला आदरानें द्यावा. परदेशांत अल्पाकाची माहिती देणाऱ्यास त्याच्या वेळेचें मोल देतात. मग आपल्या धनगरबाबांचें ज्ञान फुकटचें कां समजावें?

५. पालकांस दोन शब्द

ही सहल केवळ करमणुकीची नाहीं. आपल्या दख्खनी मेंढीची लोंकर जाड व राठ. वर्षाकाठीं एका मेंढीमागें साधारणपणें अर्धा किलोच्या आसपास निघते. तिचें घोंगडें पूर्वीं शेतकऱ्याचें अंथरूण, पांघरूण आणि पावसांतील छत्रीही असे. सणगर लोक तें खड्ड्याच्या मागावर विणीत आणि चिंचोक्याच्या खळीनें ताठ करीत. स्वस्त चादरी व प्लास्टिकचे कागद आल्यावर घोंगडें मागें पडलें. आज पुष्कळ ठिकाणीं लोंकरीस इतका थोडा भाव मिळतो कीं कातरण्याची मजुरीही सुटत नाहीं, आणि ती फेंकून दिली जाते. लिव्हरपूलच्या बंदरांत पडून राहिलेल्या त्या लोंकरीची येथें आठवण करावी. आपल्या राठ लोंकरीचा नवा उपयोग शोधणारा कारागीर आपल्या वर्गांत बसलेला नसेल कशावरून?

दुसरें, गायरानें आंखडलीं आहेत. जेथें ज्वारी होती तेथें गेल्या तीन-चार दशकांत सोयाबीनचा पेरा पुष्कळ वाढला. मेंढपाळाची वाट त्यामुळें दरवर्षीं अवघड होते. आणि तिसरें, सर्वांत महत्त्वाचें: आपणांस जी एका दिवसाची सहल, तें त्या बिऱ्हाडांतील मुलांचें आठ-आठ महिन्यांचें जीवन आहे. तीं चालतात म्हणून त्यांची शाळा सुटते. वर्गांत असें एखादें मूल उशिरां आलें, तर 'इतके दिवस कोठें होतास?' असें हिणवून विचारण्यापेक्षां, 'किती गांवें पाहिलींस, सांग' असें विचारणें अधिक शहाणपणाचें ठरेल. कळपाबरोबर एक दिवस चाललेला विद्यार्थी हा प्रश्न आपोआप बरोबर विचारील, असा माझा विश्वास आहे.

संयुक्त राष्ट्रसंघानें २०२४ हें वर्ष उंटाच्या कुळांतील प्राण्यांचें, आणि २०२६ हें कुरणें व पशुपालक ह्यांचें म्हणून जाहीर केलें. जगानें ज्यांस एक-एक वर्ष दिलें, त्यांस आपण आपल्या सुटींतील एक दिवस द्यावा, हें कांहीं फार मोठें मागणें नव्हे.

अभ्यास : सहलीहून आल्यावर पुढील प्रश्नांचीं उत्तरें वहींत लिहा. (१) कळप दिवसभरांत कोठून कोठें गेला, ह्याचा नकाशा काढा. (२) मेंढपाळानें दाखविलेल्या पांच वनस्पतींचीं नांवें व उपयोग लिहा. (३) अल्पाका, उंट व मेंढी ह्यांच्या पायांची तुलना करा. (४) घरांत जुनें घोंगडें असल्यास तें कोणी, केव्हां व कोठून घेतलें, हें आजीस विचारून लिहा.