भौतिकशास्त्रही आणि किल्लाही?

प्रश्न : शिरगाव, जि. पालघर येथील वाचकाची मुलगी सैद्धांतिक भौतिकशास्त्रात पीएच.डी. करते. सुट्टीत घरी आली, की शिरगावचा किल्ला, जुनी नाणी, भरती-ओहोटी यांतच रमते. हे भरकटणे आहे का?

उत्तर : मुळीच नाही.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली १९६३ साली पीएच.डी. मिळवली. १९७४ साली त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली आणि बक्षीस मिळवले. पुढे २००१ साली ते वातावरणाच्या वरच्या थरात सूक्ष्मजीव शोधणाऱ्या फुग्याच्या प्रयोगातही उतरले.

गोव्यात जन्मलेले गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण तर फारच बोलके. हातोहात फिरणारे नाणे झिजते, त्याचे वजन घटते. त्यांनी तक्षशिलेची प्राचीन नाणी तराजूत तोलली, संख्याशास्त्र लावले आणि ती किती काळ चलनात होती याचा माग काढला. त्यांचे गणितच इतिहासाच्या कामी आले!

या मुलीनेही भरती-ओहोटीची समीकरणे शिरगावच्या किनाऱ्यावर पडताळून पाहावीत. प्रबंधाचे रोजचे तास मात्र ठरलेले असावेत आणि नवे काही हाती घेण्यापूर्वी मार्गदर्शकांशी मोकळेपणाने बोलावे.