उगाच पळापळ झाली म्हणतेस?

चिमे, काल फोनवर तू एकच गोष्ट उगाळत होतीस. "ताई, रात्री दोनला अख्खं घर उठवलं, शेजाऱ्यांना गाडी काढायला लावली, आणि निघालं काय? काहीच नाही." दवाखान्यातून सुखरूप घरी आलेल्या बाईनं हुश्श म्हणावं, तर तू चोरी पकडल्यासारखी बोलत होतीस. अटॅक आला नाही याची लाज वाटणारी तू एकटी नाहीस हं, आपल्याकडे बायकांना ती सर्रास वाटते. म्हणूनच आज जरा सविस्तर बोलायचंय.

'काहीच नाही' हे दवाखान्यात ठरलं, घरी ओवा चावताना नाही. तिथं गेल्या गेल्या तुझा कार्डिओग्राम काढला, तो बरा आला, तरी त्यांनी तुला सोडलं नाही. रक्त घेतलं, काही तासांनी परत घेतलं. ती ट्रोपोनिनची तपासणी. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं, पण ते रक्तात दिसायला वेळ लागतो, म्हणून एकदा बघून भागत नाही. पहिला कार्डिओग्राम चांगला येऊनही अटॅक असू शकतो, हे त्यांना ठाऊक असतं. जे समजायला शिकलेल्या डॉक्टरांना रात्र घालवावी लागली, ते तू पलंगावर बसल्या बसल्या कसं ओळखणार होतीस?

त्यात तू शुगरवाली. तुझ्या तळपायांना मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कधीकधी कळत नाही, हे तूच मला सांगितलंस ना? साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा बोथट होतात, आणि त्या फक्त पायांच्याच नव्हेत. हृदयाकडून दुखण्याचा निरोप आणणाऱ्या नसाही त्यात आल्या. त्यामुळे काही मधुमेहींना अटॅक येऊन जातो आणि छातीत म्हणावी तशी कळ येतच नाही. पुढे कधीतरी दुसऱ्याच कारणासाठी कार्डिओग्राम काढला की डॉक्टर विचारतात, "याआधी कधी त्रास झाला होता का?" सिनेमात दाखवतात तसा छाती धरून कोसळणारा अटॅक डोक्यात धरून बसलीस तर फसशील. दम लागणं, मळमळ, पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये आवळल्यासारखं होणं, अंगातलं त्राण एकदम जाणं, गार घाम हे सगळं त्यात मोडतं. बायकांमध्ये तर हे जास्तच दिसतं. माझं तर दुखणं जबड्यात होतं. दातांच्या डॉक्टरांनी दात ठोकून बघितले, म्हणाले, "दात ठणठणीत आहेत. जिना चढताना दुखतं आणि थांबलं की थांबतं? मग उद्याच हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा." त्या भल्या माणसामुळे माझी अँजिओप्लास्टी वेळेवर झाली. तेव्हा पुढच्या वेळी 'कसंतरीच होतंय' एवढंच सांगता आलं तरी पुरे. नीट वर्णन जुळवत बसू नकोस.

पण थांब, मधुमेहात एक घोळ असतोच. घाम, धडधड, थरथर ही साखर खाली गेल्याचीही खूण असते. मग काय करायचं? मशीन उशाशी ठेव आणि बोटाला टोच, मिनिटभराचं काम आहे. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघ. पेढा नको, शिरा नको. तुपामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. आकडा बरा असेल, किंवा साखर वर येऊनही जीव घाबरा तो घाबराच राहिला, तर मग १०८. आणि छातीवर दडपण असेल, दम लागत असेल, तर पंधरा मिनिटांची वाटच बघायची नाही. साखरेचं पाणी एका हाताने, फोन दुसऱ्या हाताने. उलटंही होतं बघ. शरीर संकटात असलं की साखर स्वतःहून चढते. पथ्य सांभाळूनही आकडा अचानक तीनशेच्या घरात गेला आणि सोबत मळमळ, थकवा असेल, तर 'काल आंबा खाल्ला होता' म्हणून स्वतःची समजूत घालू नकोस.

तुला बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू आहे ना? ती गोळी हृदयाला विसावा देते, पण साखर खाली गेल्यावर होणारी धडधड आणि थरथर झाकूनही टाकते. घाम मात्र ती झाकत नाही. म्हणजे उगाच दरदरून घाम आला तर पंखा वाढवायच्या आधी बोट टोचायचं. हे वाचून गोळी बंद करशील, तर मात्र माझ्याशी गाठ आहे. ती एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

आता जरा रागावते. घाबरल्यावर तू अर्धी भाकरी आणि पालेभाजीवर आली आहेस, संध्याकाळी काही खातच नाहीस, आणि सकाळचा आकडा ७२ आला की मला कौतुकाने कळवतेस. मला त्याचं कौतुक नाही. अमेरिकेत आणि कॅनडात दहा हजारांवर मधुमेहींना घेऊन एक मोठा अभ्यास केला होता, ॲकॉर्ड नावाचा. हृदयविकार असलेली किंवा त्याचा धोका जास्त असलेलीच माणसं त्यात होती. निम्म्यांची साखर औषधांचा मारा करून अगदी निरोगी माणसासारखी, म्हणजे एचबीएवनसी सहाच्या खाली, आणायचा प्रयत्न केला. त्याच गटात मृत्यू जास्त झाले, २५७ विरुद्ध २०३, आणि २००८ च्या फेब्रुवारीत त्या गटाचे ते कडक उपचार मध्येच थांबवावे लागले. एवढ्यावरून साखर वाढू दे असं मी म्हणत नाहीये. आपल्यासारख्या बऱ्याच जणींना सातच्या आसपास ठेवायला सांगतात, वय जास्त असलं की थोडी ढील देतात. पण सारखी खाली जाणारी साखर हृदयाला मानवत नाही, ठोके बिघडवते. तेव्हा जेव बाई. भाकरी, उसळ, दही, कोशिंबीर, वेळच्या वेळी. आणि या वर्षीच्या नवरात्रात नऊ दिवस नुसत्या साबुदाण्यावर काढणार असशील तर आधी डॉक्टरांना विचार. देवीला तू धडधाकट हवी आहेस.

हृदयासाठी साखरेइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्व बीपीला आणि कोलेस्टेरॉलला आहे, आणि तिकडे आपलं लक्षच नसतं. बीपी साधारण १३० बाय ८० च्या आत. एलडीएल तुझ्यासारखीला ७० च्या खाली, मला स्टेंट बसवलाय म्हणून ५५ च्या खाली. त्यासाठी रात्रीची ती छोटी गोळी असते. तिच्याने साखर वाढते, असा व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतो, आणि तो धादांत खोटा नाही, किंचित वाढते. पण ती गोळी जेवढे अटॅक टाळते त्यापुढे हे किंचित कुठेच नाही. मंदाकाकूंनी थांबवली म्हणून तू थांबवायची नाहीस.

एक बरी बातमीही आहे. साखरेच्या गोळ्यांपैकी काही हृदयालाही जपतात, हे आता नक्की कळलंय. एम्पाग्लिफ्लोझिन नावाची एक आहे, ती जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकते. मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही असलेल्यांवर तिची चाचणी झाली, तिचे निकाल २०१५ मध्ये आले. हृदयाच्या कारणाने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी. महाग होती, पण २०२५ मध्ये आपल्याकडे तिचं पेटंट संपलं आणि बऱ्याच कंपन्यांनी स्वस्तात काढली. तुला ती लागू आहे का, एवढं विचार, हट्ट धरू नकोस. दिलीच, तर एक गोष्ट तुझ्या-माझ्यातली. लघवीतून साखर जाते म्हणून खाली खाज सुटते, बुरशी होते. कितीतरी बायका लाजेने हे कुणाला सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी बंद करतात. अगं, साधं मलम असतं त्यावर. धुऊन कोरडं ठेवायचं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. शिवाय कडक उपास असला, उलट्या-जुलाब होत असले, की ती गोळी तेवढ्यापुरती थांबवतात, नाहीतर रक्तात आम्ल वाढतं. ती कधी थांबवायची, ते आधीच विचारून ठेव.

तुझं आणि तुझ्या ह्यांचं काय चाललंय ते तू बोलली नाहीस, पण मला कळतं. त्या रात्रीपासून तो तुझ्याजवळ यायलाच घाबरतो, हो ना? माझ्याकडेही हेच झालं होतं, आणि आम्ही दोघंही गप्प, समोरचा नाराज आहे असं धरून. शेवटी मीच तोंड वाजवलं. दोन मजले दम न लागता चढता येत असतील तर नवरा-बायकोच्या जवळिकीला एरवी हरकत नसते, असं डॉक्टर सांगतात. तुझा टू-डी इको चांगला आहे, ट्रेडमिलवरची तपासणीही तू नीट पार पाडलीस. त्याला सांग. नाहीतर डॉक्टरांना त्याच्यासमोर विचार, पुरुषांना पांढऱ्या कोटातला माणूस बोलला की पटतं.

रात्री झोप लागत नाही, सारखी नाडी चाचपत बसते, म्हणालीस. होतं असं. पहिले काही महिने पोटात गुडगुडलं तरी मला स्टेंट बुजला असं वाटायचं. ही भीती मनाचे खेळ म्हणून झटकायची गोष्ट नाही, कारण झोप उडाली की साखर चढते, साखर चढली की आणखी भीती. महिना-दीड महिना गेला तरी असंच राहिलं, कशात मन रमेना, सारखं रडू येऊ लागलं, तर डॉक्टरांना तेही सांगायचं. साखर, हृदय आणि उदासी यांची एकमेकांत ये-जा असते, त्यावर उपचार आहेत.

मला एका गोष्टीने झोपायला मदत केली. सगळी तयारी करून ठेवली आणि मग डोकं मोकळं झालं. गोळ्यांची नावं-डोस, ॲलर्जी, शेवटचा एचबीएवनसी, किडनीचा क्रिएटिनिन आणि जुना चांगला कार्डिओग्राम एका पिशवीत घालून ती दाराच्या खुंटीला. जुना कार्डिओग्राम मुद्दाम, कारण नवा त्याच्याशी ताडून बघता येतो. क्रिएटिनिन यासाठी, की अँजिओग्राफीच्या रंगद्रव्यामुळे किडनी कमजोर असलेल्यांची मेटफॉर्मिन थोडे दिवस थांबवावी लागते. १०८ ची गाडी फुकट येते, २०१४ पासून आपल्याकडे आहे, आणि तीत डॉक्टर असतो. शेजाऱ्यांच्या गाडीतला कितीही प्रेमळ माणूस वाटेत शॉक देऊ शकणार नाही. गाडीला वेळ लागणार असेल तरच दुसरा विचार. अशा वेळी ॲस्पिरिन चावायची का, हे तुझ्या डॉक्टरांकडून आत्ताच कागदावर लिहून घे, सगळ्यांना ती चालत नाही. आणि शेजारच्या आजोबांची जिभेखालची सॉर्बिट्रेट घ्यायची नाही, तिने बीपी एकदम कोसळू शकतं.

फॉलोअपला तुझ्या नवऱ्याला सुट्टी मिळत नसेल तर मला कळव, मी सकाळच्या एसटीने निघते. तुझे डॉक्टर भरभर बोलतात. एक ऐकेल, एक लिहून घेईल.